तार तोडून निरोप

साखर कारखान्याचा गळीत हंगाम बॉयलरच्या अग्निप्रदीपनाने सुरू होतो. पूजा होते, नारळ फुटतो, संचालक मंडळाचे फोटो निघतात. मंडळी पांगली की बॉयलर चालवणाऱ्याची नजर एका आकड्यावर खिळते, तो म्हणजे ड्रममधल्या पाण्याची पातळी. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांत आता ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबाचे बॉयलर आहेत. ड्रममध्ये पाणी घटले तर नळ्या तापून फुटतात. वाढले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरते आणि पाती खराब करते. म्हणून तो आकडा खरा हवा आणि क्षणोक्षणी हवा. पण तो वाचणारा माणूस दोन-तीनशे मीटर केबलच्या पलीकडे, वातानुकूलित खोलीत बसलेला असतो. ड्रमपाशी झालेले मोजमाप विजेच्या रूपाने त्याच्यापर्यंत येते आणि वाटेत त्या मोजमापावर बरेच काही ओढवू शकते. या प्रकरणात त्या वाटेची आणि वाटेत मुद्दाम पाडलेल्या एका खंडाची हकिकत सांगायची आहे.

ड्रमवरच्या ट्रान्समीटरला बहुतेक वेळा दोनच तारा जातात. त्याच तारांतून त्याला २४ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि त्याच तारांतून तो पातळी कळवतो. पातळी किमान असेल तर तो ४ मिलिअँपिअर प्रवाह ओढतो, कमाल असेल तर २०, निम्मी असेल तर १२. कारखान्याच्या बोलीत हा ‘फोर-ट्वेंटी’. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो. रिकामा ड्रम आणि तुटलेली तार या दोन बातम्या एकसारख्या दिसून चालणार नाही. हा शहाणपणा विजेच्या आधीचा आहे. एके काळी असे निरोप तांब्याच्या बारीक नळ्यांतून हवेच्या दाबाने जात. तेव्हाचे प्रमाण होते ३ ते १५ पीएसआय. तळ तिथेही शून्य नव्हता आणि तळ-माथ्याचे गुणोत्तरही तेच, एकास पाच. शिवाय तळाच्या त्या ४ मिलिअँपिअरवर ट्रान्समीटरला स्वतःचे पोटही भरता येते. १२ व्होल्टला ४ मिलिअँपिअर म्हणजे ४८ मिलिवॉट. एवढ्यात त्याचा प्रोसेसर आणि डिस्प्ले चालतो.

निरोप व्होल्टेजऐवजी प्रवाहात बांधण्याचे कारण सोपे आहे. एका ओळीत जोडलेल्या मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. केबल लांब असो, एखादे टर्मिनल थोडे गंजलेले असो, तिकडून निघालेले १२ मिलिअँपिअर इकडे १२च पोचतात. पॅनेलमध्ये ते २५० ओहमच्या रोधातून जातात आणि १ ते ५ व्होल्ट म्हणून मोजले जातात.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. घोटाळा जमिनीपाशी सुरू होतो.

आकृतीत जमिनीचे चिन्ह काढले की तिथे शून्य व्होल्ट, हे आपण शाळेपासून धरून चालतो. प्रत्यक्षात बॉयलर हाउसची अर्थिंग पट्टी एका खड्ड्यात उतरते, नियंत्रण कक्षाची दुसऱ्या. पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात, पण पट्टीलाही थोडा रोध असतो आणि तिच्यातून प्रवाह वाहत असतो. मोटारींमधून झिरपणारा प्रवाह असतो, वेल्डिंगवाल्याने परतीचा क्लॅम्प सोयीच्या खांबाला अडकवला तर त्याचा असतो. हल्ली सगळ्यांत जास्त सतावतो तो मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा. बॉयलरमधला धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा ड्राइव्ह सेकंदाला काही हजार वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो आणि दर खेपेला केबलमधून थोडा प्रवाह जमिनीत ढकलतो. पट्टीचे जोड गंजले, मीठ-कोळशाचे खड्डे उन्हाळ्यात मुरमात कोरडे पडले की परिस्थिती आणखी बिघडते. थोडक्यात, बॉयलरचे शून्य आणि पॅनेलचे शून्य यांत कधी काही मिलिव्होल्टचे, कधी चक्क एक-दोन व्होल्टचे अंतर पडते.

याने काय बिघडते हे थर्मोकपलच्या उदाहरणात चांगले दिसते. के प्रकारचे थर्मोकपल दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देते. म्हणजे १०० अंश सेल्सिअसची बातमी अवघ्या ४ मिलिव्होल्टमध्ये मावते. तापमानातला बदल लवकर कळावा म्हणून थर्मोकपलचे टोक अनेकदा बाहेरच्या धातूच्या आवरणालाच वेल्ड केलेले असते. मग ते टोक बॉयलरच्या लोखंडाला, म्हणजे तिथल्या जमिनीला लागते. पॅनेलमधल्या कार्डाची ऋण बाजूही जमिनीला लागलेली असेल, तर थर्मोकपलची ती तार दोन जमिनींमधला पूल बनते. अर्थिंगचा प्रवाह तिच्यातून वाहू लागतो आणि तिच्यावर पडणारे व्होल्टेज निरोपात मिसळते. दोन जमिनींमध्ये ४ मिलिव्होल्टचा फरक असला तरी भट्टी पडद्यावर १०० अंश जास्त किंवा कमी दिसू शकते. याला ग्राउंड लूप म्हणतात. फरक एसी असेल तर आकडा नाचतो, डीसी असेल तर आकडा शांतपणे खोटे बोलतो. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो. नाचणाऱ्या आकड्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही.

फोर-ट्वेंटी प्रवाहाचा असला तरी तोही यातून सुटत नाही. समजा, एकाच ट्रान्समीटरचा निरोप जुन्या रेकॉर्डरला आणि नव्या पीएलसीला, दोघांनाही हवा आहे. दोघांना एकामागोमाग एका ओळीत जोडले. कागदावर बरोबर आहे. पण रेकॉर्डरची ऋण बाजू आतून जमिनीला जोडलेली निघाली आणि पीएलसीचीही. आता प्रवाह रेकॉर्डरमधून बाहेर पडला की त्याला दोन वाटा दिसतात. एक पीएलसीच्या २५० ओहममधून, दुसरी थेट जमिनीतून पुरवठ्याकडे परत. तो अर्थातच जमिनीची वाट धरतो. रेकॉर्डर बरोबर दाखवतो आणि पीएलसीच्या पडद्यावर उणे २५ टक्के येते, कारण त्याच्या वाट्याला शून्य मिलिअँपिअर आलेले असतात. दोन्ही उपकरणे शाबूत, वायरिंग आकृतीबरहुकूम, आणि तरीही असे. नव्या इंजिनिअरची पहिली रात्र अशाच कोड्यात जाते.

अशा वेळी होणारा संवाद ठरलेला असतो.

“साहेब, रीडिंग नाचतंय.”

“कधीपासून?”

“आयडी फॅन सुरू केला तेव्हापासून. फॅन थांबवला की गप्प बसतंय.”

अर्धे निदान या शेवटच्या वाक्यातच झालेले असते. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून केबलचे शील्ड आणि पॅनेलची अर्थ पट्टी यांच्यामध्ये मोजायचे. शील्ड दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेले नाही ना, ते बघायचे. ते एकाच टोकाला, सहसा पॅनेलकडे, जोडायचे असते, आणि फिल्डमधल्या जंक्शन बॉक्समध्ये कोणीतरी टापटिपीच्या हौसेने दुसरे टोकही आवळून ठेवलेले सापडते. ते सोडवून भागले तर उत्तम. नाही भागले, तर मग आयसोलेटर.

पॅनेलमधल्या डिन रेलवर पुस्तकांसारख्या उभ्या ओळीने बसवलेली, बोटभर जाडीची प्लॅस्टिकची डबी म्हणजे आयसोलेटर. खाली-वर टर्मिनल, समोर एक हिरवा दिवा, कधी शून्य आणि स्पॅन जुळवायचे दोन बारीक स्क्रू. याला बाहेरून पाहून काही कळत नाही, म्हणून एखादा निकामी आयसोलेटर उघडून बघावा. आत हिरवे सर्किट बोर्ड असते आणि त्यावर सुटे भाग दाटीवाटीने बसवलेले असतात. पण त्या दाटीतून एक मोकळा पट्टा गेलेला दिसतो. काही मिलिमीटर रुंद, त्यावर तांब्याची एकही रेघ नाही. काही बोर्डांत तर त्या जागी आरपार खाच कापलेली असते, म्हणजे धूळ आणि दमट हवेतूनही वीज पृष्ठभागावरून सरपटत जाऊ नये. पट्ट्याच्या अलीकडे कारखान्याची जमीन, पलीकडे पॅनेलची. तो ओलांडून बसलेले भाग मोजकेच असतात, आणि त्यांचे निम्मे पाय अलीकडे, निम्मे पलीकडे.

त्या भागांतून निरोप कसा पलीकडे जातो? एक मार्ग चुंबकीय आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तांब्याचा सांधा नसतो. १८३१ मध्ये फॅरडेने दाखवल्याप्रमाणे बदलत्या चुंबकीय क्षेत्रानेच काम होते. पण आपला निरोप डीसी आहे आणि स्थिर डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही. म्हणून अलीकडे त्याचे बारीक तुकडे करून त्याला एसीचे रूप देतात, ट्रान्सफॉर्मर पार करवतात आणि पलीकडे पुन्हा सरळ करतात. दुसरा मार्ग प्रकाशाचा. अलीकडे एलईडी, पलीकडे प्रकाशाला प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर, आणि दोन्ही एका काळ्या चिपमध्ये बंद. यात एक खोट आहे, एलईडी वर्षानुवर्षे जळून मंदावत जातो. उजेडाच्या तीव्रतेवर निरोप लादला तर तोही हळूहळू मंदावेल. म्हणून शहाणा डिझायनर तीव्रतेवर विसंबत नाही. तो निरोपाचे स्पंदांत रूपांतर करतो, स्पंद किती वेळ चालू आणि किती वेळ बंद एवढेच पाठवतो. दिवा थोडा मंद झाला तरी चालू म्हणजे चालूच. आजकाल हेच स्पंद सिलिकॉन डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरापलीकडे, कपॅसिटरच्या विद्युत क्षेत्रातूनही धाडतात.

सगळ्यांत साधी आणि मला सगळ्यांत आवडणारी युक्ती जुनी आहे, उडत्या कपॅसिटरची. एक कपॅसिटर रिलेच्या संपर्काने आधी थर्मोकपलला जोडायचा. तो तेवढ्याच व्होल्टेजला भरला की तिथून पूर्ण तोडायचा आणि मग मोजणाऱ्या मंडलाला जोडायचा. नदीवर पूल नसेल तर नावाडी माणसे उतरवतोच. फक्त नाव एका वेळी एकाच काठाला असते. तसेच इथे. दोन जमिनी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. रिलेमुळे वेग कमी, संपर्क झिजतात, म्हणून ही पद्धत मागे पडली. पण आयसोलेशन म्हणजे नेमके काय, हे इतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच मंडलात दिसत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी नीट वाचायच्या असतात. एक, विलगता किती बाजूंनी आहे. इनपुट, आउटपुट आणि डबीला लागणारा वीजपुरवठा, या तिन्ही गोष्टी एकमेकांपासून तुटलेल्या हव्यात. स्वस्त नगात आउटपुट आणि पुरवठा आतून एकच असतात. मग अनेक आयसोलेटरना एकाच पुरवठ्यावर बसवले की पॅनेलकडचे सगळे निरोप पुन्हा एकमेकांत अडकतात. दुसरी, ‘१.५ केव्ही, १ मिनिट’ असा छापलेला आकडा हा कसोटीचा आकडा आहे. म्हणजे ती डबी कायम दीड हजार व्होल्टवर राहू शकते असा त्याचा अर्थ नाही. रोजच्या वापराचे व्होल्टेज वेगळे आणि बरेच कमी असते, ते दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात असते.

आयसोलेटर बहुधा रूपांतरही करतो, कारण फिल्डमधून येणारे निरोप नाना जातींचे असतात. तापमानासाठी वापरायचा प्लॅटिनमचा पीटी-१०० घ्या. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. दर अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम, त्यामुळे तारेचा एक ओहम हिशेबात घुसला तर अडीच अंशांची चूक होते. म्हणून तिसरी तार देऊन तारांचा रोध वजा करतात. वजनकाट्याच्या लोड सेलला १० व्होल्ट दिले की पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात. ओरिफिस प्लेटवर दाबातला फरक मिळतो, आणि प्रवाह त्या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. फरक २५ टक्के असताना प्रवाह ५० टक्के असतो, म्हणजे आत ८ मिलिअँपिअर आले तर बाहेर १२ जायला हवेत. या सगळ्या बोली ऐकून घेऊन कन्व्हर्टर फोर-ट्वेंटीतच बोलतो. काही डब्यांना दोन आउटपुट असतात. २४ व्होल्टमधून ट्रान्समीटरचे १२ वजा जाता २० मिलिअँपिअरला ६०० ओहमच पेलवतात. २५० चे दोन घेणारे बसतात, तिसरा बसत नाही, तिथे ही दुहेरी डबी उपयोगी पडते.

कोणती बोली ऐकायची हे डबीच्या पोटातल्या बारीक स्विचांनी ठरते आणि तिथे रात्रपाळीचे अपघात होतात. समजा, ड्रमच्या लूपमधला आयसोलेटर बिघडला म्हणून कपाटातला सुटा बसवला, पण त्याचे आउटपुट ० ते २० वर ठेवलेले होते. पातळी खरी ५० टक्के असताना तो १० मिलिअँपिअर देतो. कार्ड ४ ते २० समजून वाचते आणि पडद्यावर ३७.५ टक्के दाखवते. कंट्रोलर इमानदारीने पाणी वाढवत नेतो. पडद्यावर ५० दिसेपर्यंत ड्रममध्ये ६० झालेले असतात. काहीच वाजत नाही, काहीच लाल होत नाही.

आणखी एक निवड माणसाला करावी लागते. थर्मोकपल तुटले तर कन्व्हर्टरने काय सांगायचे? आउटपुट वर न्यायचे की खाली? इलेक्ट्रिक भट्टीत ते वर गेले पाहिजे. तापमान फार वाढले असे समजून हीटर बंद होतील आणि नुकसान टळेल. खाली गेले, तर कंट्रोलर भट्टी थंड समजून हीटर पेटते ठेवील. पण जिथे तोच निरोप थंड पाण्याचा व्हॉल्व्ह चालवतो आणि जास्त थंडावा मिळाल्याने माल गोठतो, तिथे उलटे करावे लागते. हा स्विच इन्स्ट्रुमेंटवाल्याने एकट्याने ठरवू नये, प्रक्रिया जाणणाऱ्याला विचारून ठरवावा.

आता या डबीचे अधिक गंभीर काम. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिडच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार दगावले. आणखी एक माणूस बचावकार्यात मरण पावला. ठिणगी कुठून आली हे पक्के सिद्ध झाले नाही, पण संशयितांत एक होती इशाऱ्याची विजेची घंटा. भुयारातून दोन उघड्या तारा नेलेल्या असत, हातातल्या अवजाराने त्या एकमेकींना टेकवल्या की दूरवर घंटा वाजे. बॅटरी छोटीशी, म्हणून कोणाला धोका वाटत नव्हता. संशोधनात दिसले, की तारा दूर करताना घंटेच्या वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा ठिणगी बनून बाहेर पडते आणि मिथेन पेटवायला ती पुरते. मिथेनला सुमारे ०.२८ मिलिज्यूल लागतात; हायड्रोजनला त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. यातूनच मंडलाची ऊर्जा मुळातच इतकी कमी ठेवायची, की तार तुटली, शॉर्ट झाली तरी पेट घेणारी ठिणगी पडू नये, हा विचार रुजला. त्याला इंट्रिन्सिक सेफ्टी म्हणतात.

साखर कारखान्याला लागून डिस्टिलरी असते. तिथे इथेनॉलच्या टाक्यांवरचे ट्रान्समीटर याच तत्त्वावर चालतात. पॅनेलमध्ये त्यांच्या वाटेत बॅरियर असतो. जुना प्रकार झेनर डायोडचा: पॅनेलकडून चुकून २३० व्होल्ट शिरले तर डायोड ते जमिनीत वळवतात, फ्यूज उडतो आणि टाकीकडे ठरावीक व्होल्टेजच्या वर काही जात नाही. ‘२८ व्होल्ट, ३०० ओहम’ हा त्यातला नेहमीचा नमुना. टाकीकडची तार थेट शॉर्ट झाली तरी ९३ मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह जाऊ शकत नाही. पण या बॅरियरची सगळी सुरक्षितता त्याच्या जमिनीवर उभी असते. त्याला स्वतंत्र अर्थिंग हवे, त्याचा रोध १ ओहमच्या आत हवा, आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला पाहिजे. आयसोलेटर प्रकारच्या बॅरियरला ही अट नाही. तिथे मोकळा पट्टाच वीज अडवतो, जमिनीकडे मदत मागावी लागत नाही. म्हणून नव्या प्रकल्पांत तोच घेतात, महाग पडला तरी. भारतात अशा जागी बसवायच्या उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. पॅनेलमधली फिक्या निळ्या रंगाची टर्मिनले आणि केबल ही याच मंडलांची. त्या चॅनेलमध्ये दुसरी कुठलीही तार टाकायची नसते, एका रात्रीपुरतीसुद्धा.

आयसोलेटर सगळीकडे लावून टाकू, असा उत्साह काही प्रकल्पांत दिसतो. मला तो पटत नाही. प्रत्येक डबी स्वतःची थोडी चूक, थोडा उशीर आणि पॅनेलमध्ये थोडी उष्णता घालते, आणि बिघडू शकेल अशी आणखी एक गोष्ट वाढते. गंजलेला अर्थिंगचा जोड तसाच ठेवून वर आयसोलेटर चढवला तर नाचणारा आकडा थांबतो, जोड मात्र तसाच राहतो. विजेपुढेही आयसोलेटरचा टिकाव लागत नाही. आकाशातली वीज २० हजार अँपिअरची पडली आणि अर्थिंग १ ओहमचे असले तरी त्या जागेची जमीन क्षणभर २० हजार व्होल्टला जाते. दीड हजारांच्या कसोटीला उतरलेला पट्टा ती सहज ओलांडते. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा लावावा लागतो.

‘हार्ट’ नावाच्या संवादपद्धतीच्या बाबतीत आयसोलेटरचा एक त्रास मात्र वारंवार भेटतो. १९८० च्या दशकात आलेल्या या पद्धतीत फोर-ट्वेंटीवरच १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे दोन सूर चढवतात, अवघ्या अर्ध्या मिलिअँपिअरच्या चढउताराचे. त्यांची सरासरी शून्य, त्यामुळे मूळ आकडा हलत नाही, आणि तंत्रज्ञाला पॅनेलमध्ये बसल्या बसल्या ट्रान्समीटरची रेंज बदलता येते. जुना आयसोलेटर हे सूर गोंगाट समजून गाळून टाकतो. पडद्यावर पातळी बिनचूक दिसत असते आणि हातातला कम्युनिकेटर ‘डिव्हाइस सापडले नाही’ म्हणत राहतो. अशा वेळी कम्युनिकेटरच्या क्लिपा काढून आयसोलेटरच्या फिल्डकडच्या टर्मिनलवर लावाव्यात. तिथेही उत्तर येत नसेल तर लूपमध्ये निदान २३० ओहम रोध आहे का ते पाहावे.